बर्फ, सेडान आणि चार टायर

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या हिवाळ्याआधी एक प्रश्न हमखास पडतो. कोरोला, सिव्हिक, एलांट्रा यांसारखी साधी सेडान इथल्या बर्फात चालेल, की ओढाताण करून का होईना, चारही चाकांना जोर देणारी एसयूव्हीच घ्यावी? सल्ले भरपूर मिळतात आणि ते एकमेकांच्या उलट असतात. कुणी सांगतं, आम्ही वर्षानुवर्षं सिव्हिकच चालवतोय, काही अडत नाही. कुणी सांगतं, घरात लहान मुलं असतील तर सेडानचं नावच काढू नका. दोघंही आपापल्या अनुभवाचं खरं तेच सांगत असतात. गोंधळ होतो, कारण इथे तीन प्रश्न एकात मिसळले आहेत: गाडी जागची हलेल का, वळेल का आणि थांबेल का. जाहिराती पहिल्याच प्रश्नाभोवती फिरतात. जीव धोक्यात येतो तो उरलेल्या दोन प्रश्नांत.

माझं मत आधीच सांगतो. चारही चाकांना चांगले हिवाळी टायर घातलेली, पुढच्या चाकांवर चालणारी साधी सेडान ही शहरात आणि बर्फ हटवलेल्या हमरस्त्यांवर पुरेशी गाडी आहे. साध्या टायरवरची महाग एसयूव्ही तशी नाही. सेडानला मर्यादा आहे, पण ती ताकदीची नसून जमिनीपासूनच्या उंचीची आहे.

थांबण्यापासून सुरुवात करू. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणगुणांक साधारण ०.८ धरतात. गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ वर येतो आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही खाली. ताशी ५० किलोमीटर वेगाला हे आकडे लावून पाहिले, तर ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे १२ मीटर लागतात, ०.२५ गुणांकाच्या बर्फावर ३९ मीटर आणि ०.१ च्या थरावर तब्बल ९८ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदाला १४ मीटर जातात ते वेगळेच. या हिशेबात गाडीचं वजन कुठेच येत नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखं आहे. जड गाडी बर्फावर घट्ट बसते, असा एक पक्का समज आहे. वजनामुळे टायरचा जमिनीवरचा दाब वाढतो हे खरं, पण थांबवायची ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे थांबताना फायदा शून्य. वेगाचं मात्र तसं नाही. वेग अर्ध्यावर आणला की थांबायचं अंतर पावपट होतं. बर्फातल्या चालकाच्या हातात असलेलं हे सगळ्यात मोठं साधन, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

रस्त्यावरचा बर्फही रोज एकसारखा नसतो. ताज्या भुसभुशीत हिमात चाक रुतून पुढे जातं आणि बऱ्यापैकी पकड मिळते. तेच हिम दिवसभराच्या रहदारीने दाबलं गेलं, की चौकांमध्ये सिग्नलपाशी चकाकणारा थर तयार होतो, कारण तिथे प्रत्येक गाडी ब्रेक मारते आणि निघताना चाकं थोडी घासते. तापमानाचा भाग अनेकांना उलटा वाटतो. उणे २० च्या कडाक्यात बर्फ कोरडा असतो आणि त्याची पकड बरी असते. शून्याच्या आसपास त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिपातळ थर असतो आणि तेव्हाच तो सगळ्यात निसरडा होतो. म्हणूनच नोव्हेंबर आणि मार्चची संध्याकाळ जानेवारीच्या दुपारपेक्षा घातक ठरू शकते. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना खालून जमिनीची ऊब नसते. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे काळा बर्फ. हा थर पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं आणि रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. अशा वेळी पुढच्या गाडीच्या चाकांकडे पाहावं. रस्ता ओला दिसतोय, पण तिच्या चाकांमागून तुषार उडायचे बंद झालेत, तर समोर पाणी नाही, बर्फ आहे.

यावर तिकडचा सरकारी उपाय म्हणजे मीठ. ओंटारियोतल्या गॉडरिच गावी ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली मिठाची खाण आहे, मिठाच्या भूमिगत खाणींमधली जगातली सगळ्यात मोठी. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, पण उणे १० च्या खाली साधं मीठ मंदावतं आणि मग वाळू किंवा कॅल्शियम क्लोराइड टाकावं लागतं. हेच मीठ गाडीचं पोट गंजवून टाकतं. जुनी सेडान घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी ती उचलून खालून पाहावी, हा सल्ला तिकडे त्यामुळेच देतात.

आता टायर. या प्रश्नाचा गाभा हाच.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही आणि पकड जाते, मग रस्ता कोरडा असला तरी. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिकाचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे ते कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहतं. दुसरा फरक हाताने तपासता येतो. हिवाळी टायरच्या रबरी ठोकळ्यावर बोट फिरवलं तर त्यावर नागमोडी, केसासारख्या बारीक चिरा लागतात. ठोकळा अंगठ्याने दाबला की या चिरा उघडतात. चाक फिरताना नेमकं हेच घडतं: चिरांच्या शेकडो कडा बर्फाला धरतात आणि फटी वरचं पाणी ओढून घेतात. मोठ्या खाचांमध्ये हिम भरून बसतं, आणि हिमावर हिम रबरापेक्षा चांगलं धरतं. उन्हाळ्याच्या टायरमध्ये खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात, इथे त्या हिम धरून ठेवण्यासाठी असतात. युरोपातल्या चाचण्यांमध्ये हिमाच्या रस्त्यावर उन्हाळी टायरला थांबायला हिवाळी टायरच्या दुपटीच्या आसपास अंतर लागतं, असं वारंवार दिसलं आहे. गाडी तीच, चालक तोच, ब्रेक तेच.

या टायरचा इतिहास थंड देशांनी आपापल्या अडचणींतून घडवला आहे. फिनलंडच्या नोकियन कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ आणला. ते नाव अजून चालू आहे. पुढे टायरमध्ये धातूचे खिळे आले. घट्ट गोठलेल्या बर्फावर त्यांच्याइतकी पकड दुसऱ्या कशाचीच नाही, पण बर्फ नसेल तेव्हा ते डांबर खरवडतात. जपानमध्ये साप्पोरो, सेंदाई यांसारख्या शहरांत या खरवडण्याने हवेत इतकी धूळ झाली की लोकांच्या आरोग्याचा प्रश्न उभा राहिला आणि १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरवर निर्बंध आणणारा कायदा झाला. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये बाजारात आणलेला ‘ब्लिझॅक’ हा त्याच काळातला, खिळ्यांवाचून बर्फ धरणारा टायर. त्याच्या रबरातच सूक्ष्म छिद्रं ठेवलेली असतात आणि ती बर्फावरचा पाण्याचा थर शोषून घेतात. ऑस्लोमध्ये आज खिळ्यांचे टायर वापरायचे तर शहराला वेगळं शुल्क द्यावं लागतं. दक्षिण ओंटारियोत राहणाऱ्याला ते वापरताच येत नाहीत, उत्तर ओंटारियोतल्या रहिवाशांना मुभा आहे.

दुकानात गेल्यावर फसगत होते ती खुणांमुळे. टायरच्या बाजूवर ‘एम+एस’ लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि हिम. हा कंपनीचा स्वतःचा दावा असतो, त्यामागे सक्तीची चाचणी नसते. नव्या गाडीबरोबर येणाऱ्या ‘ऑल सीझन’ टायरवर बहुधा हीच खूण असते. खात्रीची खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही मिळवायला दाबलेल्या हिमावरच्या चाचणीत प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. तीही चाचणी गाडीला पुढे ढकलण्याच्या जोराची आहे, गोठलेल्या थरावर थांबण्याची नाही, एवढं ध्यानात ठेवावं. युरोपीय संघात मे २०२१ पासून टायरच्या लेबलवर बर्फावरच्या पकडीसाठी स्वतंत्र खूण आली, ती याच कारणाने उपयोगी आहे. डोंगर-हिमकणाची खूण असलेले आणि वर्षभर चालणारे ‘ऑल वेदर’ टायरही आता मिळतात. टोरंटो किंवा व्हँकुव्हर शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला ही तडजोड मी मान्य करेन. ओटावा, विनिपेग, मिनियापोलिस इथे राहणाऱ्याने खरा हिवाळी टायरच घ्यावा.

आणि चारही घ्यावेत. यावर थोडं थांबायला हवं, कारण सेडानवाल्यांची सगळ्यात महाग पडणारी काटकसर इथेच होते. गाडी पुढच्या चाकांवर चालते, तर दोन हिवाळी टायर पुढे घातले की भागलं, हा विचार वरवर बरोबर वाटतो. गाडी सहज निघते, चढही चढते, त्यामुळे निर्णय योग्य होता असं पहिल्याच दिवशी वाटू लागतं. मग उताराच्या वळणावर ब्रेक दाबला जातो. पुढचे टायर पकडतात, वजन पुढे झुकतं, हलकी झालेली मागची चाकं कडक रबरावर घसरतात आणि गाडीची शेपटी बाजूला सरकून पुढे यायला बघते. पुढून घसरलेली गाडी निदान नाकासमोर जाते आणि पाय उचलला की बरेचदा सावरते. मागून सुटलेली गाडी सावरणं साध्या चालकाच्या आवाक्यात क्वचितच असतं, आणि तिची धडक बसते ती दारांवर, जिथे संरक्षण सगळ्यात कमी. दोनच टायरचे पैसे असतील तर मी म्हणेन, थोडं थांबा, बस पकडा, आणि चार घ्या.

खर्चाचा हिशेबही वाटतो तितका जड नाही. हिवाळी टायर रस्त्यावर असतात तेव्हा उन्हाळी टायर झिजत नाहीत, दोन्ही संच जास्त वर्षं पुरतात. वेगळा खर्च होतो तो चार साध्या लोखंडी रिमचा. १७ इंचाच्या जागी १६ इंचाची रिम आणि थोडा अरुंद टायर बसत असेल तर तो घ्यावा. स्वस्तही पडतो आणि रुंद टायरसारखा हिमावर तरंगत न बसता ते कापत खाली जातो. फ्लॅटमध्ये टायर ठेवायला जागा नसेल तर बरीच टायरची दुकानं हंगामभर ते सांभाळून देतात. खाचांची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की हिवाळी टायर हिमात निकामी समजावा. ऑस्ट्रियात तर कायद्यानेच ही मर्यादा आहे.

कायदे देशोदेशी वेगळे. क्वेबेकने २००८ मध्ये हिवाळी टायर सक्तीचे केले, आता ही सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी असते. ब्रिटिश कोलंबियात १ ऑक्टोबरपासून डोंगरी हमरस्त्यांवर ती लागू होते. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, रस्त्यावर हिवाळ्याची स्थिती असेल तर. जर्मनीत तारीख नाही, रस्त्याची स्थितीच निकष आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नुसती ‘एम+एस’ खूण चालत नाही. ओंटारियोत सक्ती नाही, पण हिवाळी टायर घातले तर विमा कंपनीने हप्त्यात सूट द्यायची, असा नियम २०१६ पासून आहे. मराठी मंडळींची मोठी वस्ती असलेल्या टोरंटो परिसरात हा निर्णय म्हणजे ज्याच्या त्याच्या शहाणपणावर सोडलेला आहे, आणि विम्याची सूट न मागणारे कितीतरी लोक मी पाहतो.

टायर ठीक असले तर पुढच्या चाकांवरची सेडान बर्फात काय करू शकते, याचे पुरावे जुने आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढच्या चाकांवरच बसलेले असल्याने गाडीच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग तिथे येतो, आणि जी चाकं ओढतात त्यांच्यावरच भार असतो. स्वीडनची साब ९६ ही याच रचनेची छोटी कौटुंबिक गाडी. एरिक कार्लसनने तिच्यावर १९६२ आणि १९६३ ची मोंटे कार्लो रॅली जिंकली. आल्प्सच्या गोठलेल्या घाटांत तिने कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्या मागे टाकल्या. पाठोपाठ १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनी कूपर जिंकली, तीही पुढच्या चाकांवरची. उलट व्होल्वोच्या मोठ्या गाड्या १९९१ च्या ८५० मॉडेलपर्यंत मागच्या चाकांवर चालत. आपली अँबॅसडर आणि पद्मिनीही त्याच घराण्यातल्या. स्वीडनच्या लोकांनी त्या व्होल्वो दशकानुदशकं हिवाळ्यात चालवल्या, खिळ्यांच्या टायरवर आणि डिकीत वाळूची पोती टाकून. गाडी कोणतीही असो, तिचा स्वभाव ओळखणारा चालक आणि योग्य टायर असतील तर ती चालते.

सेडानमध्येच चारही चाकांना जोर हवा असेल तर पर्याय आहेत. सुबारू लेगसी हे नाव अमेरिकेत अनेक वर्षं याच कारणाने घेतलं जायचं, २०२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. निसान अल्टिमाला २०१९ च्या मॉडेलपासून ही सोय मिळाली, टोयोटा कॅमरीला २०२० च्या मॉडेलपासून. सोय खरी आहे. चढावर निघताना, ड्राइव्हवेच्या उतारावरून मागे येताना, वळणातून बाहेर पडताना फरक जाणवतो. बफलो किंवा कॅलगरीत चढावर घर असेल तर मी ती जरूर घेईन. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. थांबताना चारचाकी जोर काहीच भर घालत नाही. उलट निघताना गाडी इतकी सहज उचलते की रस्ता किती निसरडा आहे याची सूचनाच मिळत नाही. साध्या सेडानची पुढची चाकं निघताना जरा फिरली की चालकाला पहिल्याच चौकात कळतं, आज जपून. तिकडच्या हिमवादळात खड्ड्यात उतरलेल्या एसयूव्ही दिसतात, त्यांच्यामागे हा फसवा विश्वास बरेचदा असतो.

आता चालवण्याची रीत. टायरची एकूण पकड म्हणजे महिन्याचा पगार. ब्रेकवर सगळा उडवला तर वळायला काही उरत नाही. डांबरावर पगार मोठा असल्याने उधळपट्टी खपून जाते, बर्फावर नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारायचा, सोडायचा, मग वळायचं, आणि वळणातून बाहेर आल्यावरच हळूहळू वेग द्यायचा. स्टेअरिंग फिरवूनही नाक वळत नसेल तर आणखी फिरवू नये. उपजत बुद्धी नेमकी उलटं सांगते. पाय उचलावा, स्टेअरिंग थोडं सरळ करावं, चाकांनी पुन्हा धरलं की वळावं.

इलेक्ट्रॉनिक साधनांनी यात मोठी मदत केली आहे. बॉशने बनवलेली एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आली. ब्रेक जोरात दाबूनही चाकं अडकत नाहीत आणि गाडी वळवता येते, हा तिचा खरा उपयोग. अंतर कमी होईलच असं नाही. खोल भुसभुशीत हिमात तर ते थोडं वाढतं, कारण अडकलेलं चाक पुढे हिमाचा ढीग जमवून थांबायला मदत करतं आणि एबीएस तो जमू देत नाही. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस आहे. पण डांबरावर ती सहसा कामाला लागत नाही, त्यामुळे बर्फात पहिल्यांदा पायाखाली ब्रेक धडधडू लागला की लोक घाबरून पाय उचलतात. नेमकं तेव्हाच पाय घट्ट दाबून ठेवायचा असतो. स्थैर्य राखणारी ईएससी १९९५ मध्ये आली. ती प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा लावून घसरणारी गाडी रेषेत आणते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेच्या अभ्यासानुसार एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका ती जवळपास निम्म्यावर आणते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती प्रत्येक मोटारीत सक्तीची झाली. जुनी सेडान घेणाऱ्याने म्हणून २०१२ च्या अलीकडचीच पाहावी. तरीही हे सगळं संगणकाचं काम टायरच्या पकडीतूनच चालतं. पकड नसेल तर वाटप कशाचं करणार?

नवख्या मित्रांना मी पहिल्या हिमवर्षावानंतर रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेतो. ताशी २५-३० च्या वेगात मुद्दाम ब्रेक दाबायचा, पायाला ती धडधड ओळखीची करून घ्यायची, गाडी किती सरकते ते पाहायचं. अर्ध्या तासात चेहऱ्यावरची भीती जाते आणि तिच्या जागी सावधपणा येतो. रस्त्यावर अपघात घडण्याआधी ही ओळख झालेली बरी.

आता सेडानचं खरं दुखणं. कॅमरीसारख्या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण १४५ मिलिमीटर वर असतं. रस्त्यावर वीतभर हिम साचलं की गाडी पोटाने ते ढकलू लागते, आणि आणखी खोल झालं की हिमावर बसते. मग चाकांवर भारच उरत नाही आणि टायर कितीही चांगला असला तरी नुसता फिरतो. रात्रभर पडलेलं हिम साफ करायला नगरपालिकेची नांगरगाडी पहाटे येते आणि जाताना प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी गोठलेल्या ढेकळांचा बांध टाकून जाते. एसयूव्ही तो ओलांडते. सेडानवाल्याला फावडं घ्यावंच लागतं, नाहीतर बंपरखालचं प्लॅस्टिक निघून हातात येतं. रुतलेली गाडी काढताना चाकांचं नुसतं फिरणं रोखणारा ट्रॅक्शन कंट्रोल काही वेळ बंद करावा, चाकांसमोर वाळू टाकावी आणि गाडी हळूहळू पुढे-मागे झुलवावी. ॲक्सिलरेटर दाबून धरला की चाकाखालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा अधिक गुळगुळीत होतो. याच ठेंगण्या बांध्याचा एक फायदाही सांगायला हवा: बाजूला घसरत जाऊन कठड्याला लागली तर सेडान उंच गाडीपेक्षा कमी उलटते.

विजेच्या गाड्यांनी चित्र थोडं बदललं आहे. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या, आणि तिथला हिवाळा काही सौम्य नाही. थंडीत पल्ला सहज पाचव्या हिश्शाने कमी होतो, कडाक्यात त्याहून जास्त, कारण बॅटरी मंदावते आणि आतली ऊबही तिच्यातूनच काढावी लागते. बर्फावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पाय उचलताच मोटर जोरात वेग कमी करते, आणि निसरड्यावर तेवढ्यानेही मोटरला जोडलेली चाकं घसरू शकतात. मागच्या चाकांवरच्या विजेच्या सेडानमध्ये हे जास्त जाणवतं. मोटरच्या या ब्रेकचा जोर बर्फात सेटिंगमधून कमी करून ठेवावा.

हिवाळ्यात मनालीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांसाठी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगच्या पलीकडचं लाहौल हिवाळ्यातही गाडीच्या टप्प्यात आलं. आता डिसेंबरात पुण्या-मुंबईच्या पाट्यांच्या गाड्या तिथे दिसतात. आपल्या सेडान उंचीने थोड्या बऱ्या: डिझायर १६३ मिलिमीटर, होंडा सिटी १६५, आणि चाकणला बनणाऱ्या स्लाव्हिया-व्हर्टस १७९. पण टायर उन्हाळी, आणि हिवाळी टायर आपल्याकडच्या दुकानात सहजी मिळत नाहीत. त्यामुळे उरते ती साखळी. ती ओढणाऱ्या चाकांनाच लावायची, म्हणजे या सगळ्या गाड्यांना पुढे. चाकाच्या कमानीत तिला जागा आहे की नाही हे गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहावं. वेग ताशी ३०-४० च्या वर नेऊ नये आणि डांबर लागलं की ती काढावी. पुढेच साखळी असल्याने उतारावर मागची बाजू सुटण्याचा तोच धोका इथेही असतो. तंगमर्गहून गुलमर्गला हिवाळ्यात साखळीशिवाय सोडत नाहीत आणि मनालीतही पोलिस बर्फाच्या दिवशी फक्त फोर बाय फोर किंवा साखळीवाल्या गाड्या पुढे जाऊ देतात. तिथे हुज्जत घालू नये. डिझेल गाडी असेल तर मैदानात भरलेलं डिझेल थंडीत घट्ट होतं, हेही लक्षात ठेवावं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं वेगळं डिझेल आणलं ते याचसाठी.

गाडी अडकलीच तर काय करू नये, हे मरीने दाखवून दिलं. पाकिस्तानातल्या या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये हिमवादळात पर्यटकांच्या गाड्या रात्रभर अडकल्या आणि किमान २२ जण गेले. काही जणांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने गेला असावा, असं तेव्हा समोर आलं. काचा बंद, हीटर चालू आणि बाहेर सायलेन्सरचं तोंड हिमाने बुजलेलं. हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. सेडानचा सायलेन्सर जमिनीलगत असल्याने तो लवकर बुजतो. अडकलात तर आधी उतरून त्याचं तोंड मोकळं करा, इंजिन सतत न चालवता मधून मधून चालवा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. डिकीत घोंगडी, फावडं, पाणी, खाण्याचं काही आणि टॉर्च असायलाच हवा.

उरलेली निगा सोपी आहे. २० अंशांना ३३ पीएसआय भरलेल्या टायरमध्ये उणे १० अंशांना २८ च उरतात, म्हणून थंडी पडली की हवा तपासावी. उणे १८ ला साधी बॅटरी निम्म्यावर येते, जुनी असेल तर हिवाळ्याआधी बदलावी. विनिपेगकडे रात्री इंजिन गरम ठेवायला गाडी विजेच्या प्लगला लावतात, तशी सोय घराला आहे का ते आधी विचारावं. निघण्यापूर्वी टपावरचं हिम पूर्ण झाडावं, नाहीतर पहिल्याच ब्रेकला ते सगळं समोरच्या काचेवर येतं.

टायरची वेळ मात्र ऑक्टोबरातच घ्या. पहिलं हिम पडलं की तिकडच्या प्रत्येक टायरवाल्याकडे रांग लागते, हव्या त्या मापाचे टायर संपलेले असतात, आणि त्या आठवड्यात साध्या टायरवर गाडी काढावी लागते ती घरातल्या मुलांना मागे बसवूनच.